आता या वयात निदान कशाला?

हा प्रश्न नातेवाईक विचारतात तेव्हा मी समजू शकतो. पण डॉक्टर मंडळीही तोच विचारतात, तेव्हा राग येतो. म्हणून आज जरा स्पष्टच लिहितो.

६६ वर्षांचे एक काका. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कारखान्यात ३६ वर्षं टर्नर. लेथवर हात असा, की त्यांचं माप कुणी पुन्हा तपासत नसे. पण अर्ज भरायची वेळ आली की 'चष्मा घरी राहिला'. लग्नाच्या हॉलमध्ये दहा मिनिटांत बाहेर, चपलांपाशी उभे. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात. जेवण सव्वाबारालाच. सगळे म्हणायचे, तऱ्हेवाईक आहेत, पण माणूस सोन्यासारखा. हे निभावलं, कारण काकू होत्या. पत्रं त्या वाचायच्या, बँकेत त्या जायच्या, पाहुण्यांशी त्या बोलायच्या. काकू गेल्या आणि चार महिन्यांत काका 'बिघडले'.

मुलानं एका ठिकाणी स्मरणशक्ती तपासून घेतली. त्या नेहमीच्या ३० गुणांच्या चाचणीत एक वाक्य वाचायचं असतं, एक स्वतः लिहायचं असतं. ज्याला आयुष्यभर वाचता-लिहिता आलं नाही, त्याचे गुण तिथे कापले जाणारच! काकांचे कापले गेले, आणि कागदावर 'डिमेन्शिया' लागला. "हे आत्ता सुरू झालं की लहानपणापासून आहे?" एवढा एक प्रश्न कुणी विचारला नाही.

आम्ही विचारला. आईवडील हयात नव्हते, पण ७४ वर्षांची बहीण होती. ती म्हणाली, "तिसरीत अक्षरं उलटी काढायचा म्हणून मास्तरांचा रोज मार खायचा. वरातीचा बँड आला की माळ्यावर जाऊन बसायचा." पुढे रीतसर तपासण्या झाल्या. ऑटिझम आणि सोबत वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता.

ऑटिझम हा मुलांचा आजार, हा समज आमच्या धंद्यात अजून घट्ट आहे. (मुळात तो आजार नाही, मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे.) लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या मुलांचं वर्णन केलं, त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. तो मोठा झाला, अमेरिकेतल्या आपल्या गावी बँकेत नोकरी केली आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. ऑटिझम असलेली मुलं म्हातारी होतात, इतकी साधी गोष्ट! आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना निदान मिळालं नाही, कारण त्यांच्या शाळेत 'मठ्ठ' एवढं एकच निदान होतं. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या त्याच १९९६ च्या सुमारास.

दुसरी चीड 'हाय फंक्शनिंग' या शब्दाची. तो अधिकृत निदानात नाहीच. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये माणसाला आधार किती लागतो हे नोंदवतात, आणि ते योग्य आहे. काका 'हाय फंक्शनिंग' दिसत होते, कारण आधार स्वयंपाकघरात उभा होता आणि त्याची कुणी नोंद केली नव्हती.

मग निदानाने काय मिळालं? डिमेन्शियाची गोळी टप्प्याटप्प्यानं बंद झाली. ऑटिझमवर गोळी नाही, पण दुःखावर आणि चिंतेवर उपचार आहेत, ते सुरू झाले. "सूचना लिहून द्या" हा सल्ला पुस्तकात बरोबर असेल, इथे निरुपयोगी. सून आता व्हॉइस मेसेज पाठवते, काका तो चार वेळा ऐकतात आणि बरोबर करतात. कुकर लावायच्या आधी त्यांना सांगितलं जातं. दवाखान्यात त्यांचा नंबर पहिला, कारण गर्दीत बसवलं तर आत येईपर्यंत ते बोलायचे बंद होतात. यासाठी काही खर्च आला नाही.

राहिला दाखला. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. पण अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यासाठी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तपासणीची वयं दिली होती ८, १४ आणि १८. काका अठरा वर्षांचे होते त्याला कित्येक दशकं लोटली. खिडकीवर मुलाला विचारलं गेलं, "पेशंट मुलगा कुठे आहे?" मुलानं शेजारी उभ्या वडिलांकडे बोट दाखवलं. दोन हेलपाटे झाले आहेत. तिसऱ्यासाठी मी पत्र लिहून दिलं आहे, आणि या वेळी सोबत मीही जाणार आहे.