म्हशीचं खातं कोरं!

आमच्या चिरंजीवांना कुणीतरी शेतावरच्या प्राण्यांचं गुळगुळीत पुस्तक भेट दिलं. त्यात गाय 'मू' करते, डुक्कर 'ऑइंक', आणि कोंबडा चक्क 'कॉक-अ-डूडल-डू'! आणि म्हैस? बेपत्ता! देशातल्या दुधाचा मोठा वाटा जी देते, तिचंच खातं कोरं? आम्हां बँकवाल्यांना ही तफावत खपायची कशी? अहो, मराठीत गाय हंबरते, म्हैस रेकते, बैल डुरकतो, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो. घरात एवढी शिल्लक असताना पोराच्या कानांना ही उसनवारी कशाला? मी पुस्तक मिटलं आणि स्वतःच रेकून दाखवलं. शेजारच्या वहिनी धावत आल्या, "भाऊजी, बरं वाटत नाही का?" चिरंजीव मात्र टाळ्या पिटत ओरडले, "बाबा म्हैस!"

हिशेब जुळला!