फेलोशिप आपल्यासाठी नाही, हे कोणी ठरवले?



वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवणारे आपले एक बांधव आहेत. त्यांचे नाव सांगत नाही, महाविद्यालयाचेही सांगत नाही. पीएच.डी. झाली आहे, नोकरीला बारा वर्षे झाली आहेत. एका संध्याकाळी त्यांच्या घरी बसलो होतो. टेबलावर मानव्यविद्या संशोधनाच्या एका फेलोशिपचा अर्ज पडलेला दिसला. अर्धा भरलेला, अर्धा कोरा. विचारले तर म्हणाले, "राहू द्या हो भाऊ, आपल्याला कोण देते? ते दिल्ली-मुंबईवाल्यांसाठी असते." दुसऱ्याच दिवशी मुदत संपणार होती. अर्ज गेला नाही.

हा लेख त्या एका वाक्याशी भांडण्यासाठी लिहितो आहे. "आपल्याला कोण देते?" या वाक्यात अर्धे सत्य आहे आणि अर्धी शरणागती आहे. सत्याशी लढायचे आहे, आणि शरणागती टाकून द्यायची आहे.

आधी सत्य पाहू. ५ सप्टेंबर २०२२ ला, शिक्षक दिनी, विद्यापीठ अनुदान आयोगाने संशोधनाच्या काही योजना जाहीर केल्या. त्यात सेवेतल्या प्राध्यापकांसाठी एक अनुदान होते: २०० जागा, दोन वर्षे, १० लाख रुपये. ऐकायला छान वाटते. अटी वाचा. नेमणूक नियमित हवी. पाच विद्यार्थ्यांना पीएच.डी.चे मार्गदर्शन केलेले हवे. बाहेरच्या निधीतून झालेले दोन संशोधन प्रकल्प पदरी हवेत. आता मला सांगा, आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूर, सेलू, देवळी इथल्या ज्या महाविद्यालयात फक्त बी.ए. चालते, जिथे संशोधन केंद्रच नाही, तिथला प्राध्यापक पाच पीएच.डी. कुठून घडवणार? ज्याला संशोधनाची संधी आधीच मिळालेली आहे त्यालाच संशोधनाची संधी द्यायची, असा हा नियम आहे. नियमात जात कुठेच लिहिलेली नाही. पण अनुसूचित जातीतला, पहिल्या पिढीतला प्राध्यापक बहुतेक वेळा कोणत्या महाविद्यालयात नोकरी करतो आणि मोठ्या विद्यापीठाच्या विभागात पिढ्यान्पिढ्या कोण बसले आहे, हे पाहिले की नियमाची जात कळते.

आणि हे झाले कायम नोकरी असणाऱ्याचे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आपल्या शेकडो नेट-सेट, पीएच.डी. झालेल्या पोरापोरींचे काय? ते वर्गात शिकवतात, पेपर तपासतात, नॅकची कमिटी आली की फायली लिहितात. पण फेलोशिपच्या अर्जात "नियमित प्राध्यापक" हा शब्द आला की ते प्राध्यापक राहत नाहीत. शिकवताना प्राध्यापक आणि अर्ज भरताना कोणीच नाही!

शिवाय अर्ज "थ्रू प्रॉपर चॅनल" पाठवायचा असतो. म्हणजे प्राचार्यांची सही, संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचा प्रत्यक्ष कार्यभार. तो रजेवर गेला तर त्याचे तास कोण घेणार? पूर्वी आयोगाच्या शिक्षक फेलोशिपमध्ये पगारी रजा मिळायची आणि बदली शिक्षकाच्या पगाराचीही सोय असायची. ती सोय असते तेव्हा संस्था आनंदाने सही करते. ती नसली की संस्थाचालक म्हणतो, "सर, पुढच्या वर्षी बघू." पुढचे वर्ष कधी येत नाही.

दुसरा हल्ला विषयावर आहे. मानव्यविद्येत संशोधन करून काय मिळते, असे आता उघड विचारले जाते. २०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात फेलोशिपचा प्रश्न निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असे विधान परिषदेत विचारले. महाराष्ट्रभर संताप झाला. पण त्याच्या आधी, २०२२ साली, त्याहून मोठी गोष्ट घडली होती आणि तिच्यावर आपल्याकडे तेवढी चर्चा झाली नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचे नियम बदलले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा समाजशास्त्रीय अभ्यास हे विषय त्यातून वगळले. म्हणजे सरकारी पैशावर परदेशात जा, पण जातीवर संशोधन करू नका.

आता एक तारीख आठवा. ९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. ते तिथे बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर गेले होते, महिना साडेअकरा पौंड. २०२२ चा नियम १९१३ साली असता तर त्या विषयासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली नसती. एका संस्थानिकाने जे अडवले नाही, ते लोकशाही सरकारचे मंत्रालय अडवते. मानव्यविद्येने काही होत नसेल, तर तिची एवढी भीती कशाला?

मित्रांनो, शरणागतीचे उत्तर शोधायला बाबासाहेबांच्याच आयुष्यात जावे लागते. आपण त्यांना विद्यार्थी म्हणून आठवतो, घटनाकार म्हणून आठवतो. ते प्राध्यापक होते हे विसरतो. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. नोकरी चांगली होती, सरकारी होती. पण डोक्यात अपुरा प्रबंध होता. पगारातून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेनांकडून कर्ज घेतले, मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली आणि त्याच वर्षी लंडन गाठले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ त्यातूनच आला.

ही गोष्ट सांगितली की काही लोक लगेच म्हणतात, "बघा, बाबासाहेबांनी उपाशी राहून केले, तुम्हाला फेलोशिप कशाला हवी?" हा युक्तिवाद आपल्याविरुद्ध वापरला जातो आणि आपण माना डोलावतो. बाबासाहेबांनी स्वतः काय केले ते पाहा. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्याबरोबर, १९४२ सालीच, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले आणि उच्च शिक्षणासाठी, परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. आपण सोसले ते पुढच्यांनीही सोसावे, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी तिजोरीवर हक्क सांगितला. फेलोशिप मागणे ही भीक नाही, तो त्याच हक्काचा भाग आहे. आणि फेलोशिप थांबली की काय होते, हे आपण रोहित वेमुलाच्या बाबतीत पाहिले आहे. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला तेव्हा सात महिन्यांची फेलोशिप त्याला मिळायची होती.

आता वर्ध्याकडे येऊ. जगाच्या संशोधनाच्या नकाशावर वर्धा म्हणजे सेवाग्राम. गांधींचे समग्र वाङ्मय १०० खंडांचे आहे, त्यांच्या आश्रमातल्या आहारापासून चरख्यापर्यंत सगळ्यावर प्रबंध झाले. त्याबद्दल तक्रार नाही. पण याच जिल्ह्यात दुसरे एक वर्धा आहे. हिंगणघाटचा कापूस एकेकाळी विलायतेच्या बाजारात नावाने ओळखला जायचा. हिंगणघाटच्या आणि पुलगावच्या कापडगिरण्यांत आपल्या आज्या-पणज्या राबल्या. ऑक्टोबर १९५६ मध्ये इथल्या खेड्यांतून बैलगाड्यांनी, रेल्वेने, पायी लोक नागपूरला गेले. दीक्षा घेऊन परतल्यावर घरातले देव काढले, गावकीची कामे नाकारली, त्यावरून गावोगाव काय घडले? भदंत आनंद कौसल्यायन राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या कामासाठी वर्ध्यात कित्येक वर्षे राहिले, त्यांनीच पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हिंदीत आणला. वर्ध्याच्या त्या वर्षांचा आपल्या वस्त्यांशी काय संबंध आला? हे सगळे कोणी लिहायचे?

हिशेब करा. १९५६ साली जो १५ वर्षांचा होता, तो १९४१ चा जन्म. आज तो ऐंशी ओलांडून पुढे गेला आहे. वस्तीतल्या आजीच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याच अभिलेखागारात नाही. विहाराच्या जुन्या वह्या, समता सैनिक दलाच्या सभांची पत्रके, भजनी मंडळांची हस्तलिखिते लोखंडी पेट्यांत आहेत आणि पेट्यांना वाळवी लागली आहे. "पुढच्या वर्षी बघू" म्हणणाऱ्या संस्थाचालकाला वेळ आहे. आजीला नाही.

म्हणून आता थोडे स्वतःला विचारू. आपल्यातले किती प्राध्यापक पीएच.डी. झाल्यावर पुन्हा संशोधनाला हात लावतात? वेतनश्रेणीची पुढची पायरी मिळाली की प्रबंध कपाटात जातो. जयंतीला दोन तास भाषण करणारा माणूस वर्षभरात दोन पाने नवी लिहीत नाही. अर्ज नाकारला जाण्याची भीती जात म्हणून वाटते हे खरे. पण न भरलेला अर्ज नाकारायची तसदीसुद्धा कोणाला घ्यावी लागत नाही. समितीत बसलेल्या माणसाला भेदभाव करायचाच असेल, तर तो कागदावर करू द्या. माहितीच्या अधिकारात मागता येईल असा कागद तरी तयार होऊ द्या.

काही कार्यकर्ते म्हणतील, फेलोशिप घेतली की माणूस चळवळीतून जातो. जातो कधीकधी, नाकारत नाही. पण फेलोशिप नसतानाही लोक गेलेच आहेत, कंत्राटे घेऊन गेले, तिकिटे घेऊन गेले. उलट चळवळीतून उभे राहिलेले संशोधन पाहा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघर जाऊन आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना बोलते केले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. वसंत मून महसूल खात्यातले अधिकारी, त्यांनी बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडाखंडाने उभी केली. त्यांनी ते केले, तर ज्यांना विद्यापीठाचा पगार मिळतो त्यांच्याकडे काय उत्तर आहे?

अर्ज कसा भरायचा, त्यावरही बोलू. "दलित समाजाचा चिकित्सक अभ्यास" असा विषय लिहू नका. तो विषय नाही, तो मथळा आहे. एक प्रश्न घ्या: पुलगावच्या गिरणीतल्या बौद्ध स्त्री कामगारांनी १९५६ नंतर पाळणाघर, पाणी, पगार यांसाठी काय केले? मग साधने सांगा: कोणत्या वस्त्या, किती मुलाखती, कोणती कागदपत्रे, ती कोणाच्या ताब्यात आहेत. मग हे आधी कोणी का लिहिले नाही ते सांगा. मग महिन्यांचा हिशेब आणि पैशांचा हिशेब द्या. तालुक्यात राहता हा तुमचा कमीपणा समजू नका. दिल्लीतल्या संशोधकाला त्या आजीचा दरवाजा उघडणार नाही, तुम्हाला उघडेल. अर्जात तेच ठळक लिहा. इंग्रजी अडत असेल तर आधी मराठीत विचार पक्का करा, भाषा दुरुस्त करणारे मित्र चळवळीत आहेत.

आणि मागण्या एकत्र करू. एक, तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना संशोधन अनुदानास पात्र धरा. दोन, पदवी महाविद्यालयांसाठी जागा राखून ठेवा आणि पाच पीएच.डी.ची अट त्यांना लावू नका. तीन, फेलोशिपच्या काळात बदली शिक्षकाचा पगार सरकारने द्यावा. चार, मानव्यविद्येचा प्रस्ताव मराठीत स्वीकारावा. पाच, परदेश शिष्यवृत्तीतून वगळलेले विषय परत घ्यावेत. सहा, निवड समितीत कोण बसले, कोणत्या प्रवर्गाचे किती अर्ज आले आणि किती निवडले, हे दरवर्षी जाहीर करावे.

हा शेवटचा आकडा मागायचा असेल, तर आपले अर्ज आधी तिथे पोहोचलेले असले पाहिजेत. म्हणून दोन्ही कामे एकाच वेळी करायची आहेत. नियमावर मोर्चा काढायचा आणि त्याच नियमाखाली अर्जही टाकायचा.

आमच्या त्या सरांना मी पुन्हा भेटलो. अर्धा अर्ज अजून टेबलावरच होता. त्यांना एवढेच म्हणालो, "सर, मुदत दरवर्षी येते. तुमच्या वस्तीतली म्हातारी माणसे दरवर्षी कमी होतात." ते काही बोलले नाहीत. कागद पुढे ओढला आणि विषयाची ओळ खोडून नव्याने लिहायला घेतली.

तुमच्या टेबलावरचा अर्ज कुठे आहे?

जय भीम! जय संविधान!