घरची गाणी आणि भाड्याची गाणी

एका वाचक भगिनीने विचारलं आहे: ‘आम्ही महिन्याचे पैसे भरून स्पॉटिफाय घेतलं आहे. पण संगणकावर जुन्या गाण्यांचं मोठं फोल्डरही आहे. कॅसेटवरून उतरवलेली भावगीतं आहेत, शिवाय सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. चिरंजीव म्हणतात, आता सगळं ऑनलाइन मिळतं, ते फोल्डर उडवून टाक म्हणजे जागा मोकळी होईल. काय करावं?’

बाई, उडवू नका. आणि जागेची सबब तर अगदीच लंगडी आहे. साध्या दर्जाच्या एमपी-३ फाइलला मिनिटाला साधारण १ एमबी लागते. पाच मिनिटांचं गाणं धरलं तर २,००० गाण्यांना जेमतेम १० जीबी होतात. चिरंजीवांच्या सिनेमांना किती जागा लागली आहे तेही एकदा बघा!

महिन्याच्या वर्गणीवर ऐकतो ती गाणी भाड्याची. मालकाचं मन बदललं की ती जातात. गूगल प्ले म्युझिक २०२० साली बंद झालं, विंक २०२४ साली. २०२३ साली झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून उतरली, कारण दोघांचा करार जमला नाही. बिचाऱ्या ऐकणाऱ्याला कुणी विचारलं होतं? तिथे ‘डाउनलोड’ केलेलं गाणंही आपलं होत नाही. महिन्यातून एकदा तरी इंटरनेट जोडलं नाही किंवा वर्गणी थांबली, तर तेही वाजत नाही. म्हणजे सेवा वाईट असं नाही हं. नवीन गाणी ऐकायला, एखादा विसरलेला राग शोधायला तिच्यासारखी सोय नाही. पण सासूबाईंच्या ओव्या कुठल्याही कंपनीच्या दुकानात मिळायच्या नाहीत.

आता दोन्ही एकत्र कसं ऐकायचं ते सांगते. स्पॉटिफाय संगणकावर उघडा, सेटिंग्जमध्ये जा. तिथे ‘लोकल फाइल्स’ दाखवण्याचं बटण आहे, ते चालू करा आणि आपलं फोल्डर कुठे आहे ते दाखवून द्या. मग घरची गाणी त्याच पडद्यावर दिसू लागतात आणि एकाच यादीत घरचं गाणं, भाड्याचं गाणं असं मागे-पुढे लावता येतं. एमपी-३ फाइली इथे बिनघोर चालतात. मात्र फाइल तिथे चढत नाही, ती आपल्याच संगणकावर राहते. म्हणून फोल्डर नंतर इकडचं तिकडे हलवलंत तर यादीतलं नाव राहील, गाणं वाजणार नाही. आधी मांडामांड, मग जोडणी, हा क्रम चुकवू नका.

यूट्यूब म्युझिकची तऱ्हा वेगळी. तिथे संगणकाच्या ब्राउझरमधून आपल्या फाइली चढवता येतात, वर्गणी नसली तरीही, एक लाख गाण्यांपर्यंत. त्या फक्त आपल्यालाच दिसतात. परगावच्या मुलीला तिच्या फोनवर ओव्या ऐकवायच्या असतील तर मात्र सरळ फाइलच पाठवा. ॲपल म्युझिक आपल्या फाइलशी जुळणारं गाणं सापडलं तर दुसऱ्या यंत्रावर स्वतःकडचं वाजवतं. शिवाय ही सेवा म्हणजे राखीव प्रत नव्हे, असं ती कंपनीच सांगते. तेव्हा कुठेही चढवलं तरी मूळ फाइल घरात हवीच.

खरं काम मांडामांडीचं, आणि तेच आपण टाळतो. कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांची नावं बहुधा ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’ अशीच राहून गेलेली असतात. वाणसामानाच्या डब्यांवर चिठ्ठी नसली तर जे होतं तेच इथे होतं. एमपी-३टॅग नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर फुकट मिळतं. त्यात गाण्याचं नाव, गायक, कवी, संगीतकार भरता येतात, आणि देवनागरीत भरता येतात. एक पथ्य मात्र पाळा: एकदा देवनागरी ठरवली की सगळीकडे देवनागरीच. रोमन लिपीत एकच नाव आज एका स्पेलिंगने, उद्या दुसऱ्याने लिहिलं जातं आणि गायकाच्या नावाची चार खाती होतात. गाण्याचा क्रमांकही भरा, दोन आकडी, म्हणजे ०१, ०२ असा. गीतरामायण घ्या. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून झालेली ती ५६ गीतं अक्षरांच्या क्रमाने लागली तर रामकथेचं काय होईल! कुठला प्रसंग आधी आणि कुठला मागाहून याचा पत्ता लागायचा नाही.

हे सगळं एका दुपारी होणार नाही. रोज एक कॅसेट धरा.

ओव्यांकडे जरा जास्त लक्ष द्या. कॅसेट अजून असेल आणि वाजत असेल, तर पुन्हा एकदा चांगली उतरवून घ्या. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या लाइन-इनमध्ये वायर जोडायची आणि ऑडॅसिटी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिमुद्रण करायचं. आधी वेव्ह फाइल ठेवा. ती मिनिटाला १० एमबी खाते, खाऊ दे. ऐकण्यासाठी तिच्यावरून एमपी-३ काढा. खरखर काढण्याच्या नादात मूळ फाइलला हात लावू नका, जे करायचं ते नकलेवर. जात्याची घरघर ही खरखर नव्हे, तीही राहू द्या. मग एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी, नणंदेकडे म्हणा किंवा बहिणीकडे.

आणि फाइलच्या नावात नुसतं ‘ओव्या’ लिहू नका. कोण म्हणतंय, कुठल्या गावी, कोणत्या साली, मागून साथ देणारा दुसरा आवाज कुणाचा, हे सगळं लिहा. तो दुसरा आवाज ओळखणारं माणूस घरात अजून असेल, तर त्यांना या रविवारीच ऐकवून विचारून घ्या.