आधी निदान, मग केशर

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला केशर द्यावे का, असा प्रश्न आता नातेवाईक दवाखान्यात विचारू लागले आहेत. हसून विषय टाळणे योग्य नाही आणि ‘द्या, अपाय तर नाही’ असे म्हणून मोकळे होणेही योग्य नाही. व्यवसायबंधूंनी या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

केशराविषयीची आशा निराधार नाही. त्यातील क्रोसिन या रंगद्रव्याने परीक्षानळीत अमायलॉइडचे तंतू जमण्यास अटकाव केलेला दिसला आहे. मानवी चाचण्या प्रामुख्याने तेहरानमध्ये झाल्या. २०१० साली ४६ अल्झायमर रुग्णांवर १६ आठवडे केलेल्या चाचणीत रोज ३० मिलिग्रॅम केशर निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले. त्याच वर्षी ५४ रुग्णांत २२ आठवडे डोनेपेझिलशी तुलना झाली. परिणाम जवळपास सारखा होता आणि उलट्यांचा त्रास केशराच्या गटात कमी होता. २०१४ मध्ये ६८ रुग्णांत वर्षभर मेमॅन्टिनशी तुलना झाली, तीतही लक्षणीय फरक आढळला नाही.

परंतु एवढ्या अल्प रुग्णसंख्येत ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘दोन्ही औषधे समान आहेत’ असा होत नाही. केशराने हा रोग टळतो किंवा मुळापासून बरा होतो, असे यांपैकी एकाही चाचणीने दाखविलेले नाही. शिवाय चाचण्यांतील केशर कॅप्सूलमधून, मोजून दिलेले होते. दुधात टाकलेल्या चार काड्यांना तो निष्कर्ष लावता येणार नाही. एक ग्रॅम केशरासाठी सुमारे दीडशे फुले लागतात. त्यामुळे ते महाग असते आणि करडईच्या पाकळ्या किंवा रंगविलेले मक्याचे केस मिसळण्याचा मोह व्यापाऱ्यास होतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या रुग्णाने तर विचारल्याशिवाय केशराच्या कॅप्सूल घेऊच नयेत. परंपरेचा आधार घेतानाही नेमकेपणा हवा. चरकसंहितेतील चार मेध्य रसायने म्हणजे मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी. केशर त्यांत नाही.

माझी खरी चिंता मात्र वेगळीच आहे, ती म्हणजे वाया जाणाऱ्या महिन्यांची. सिल्वासात नोकरीनिमित्त स्थिरावलेली अनेक कुटुंबे वडीलधाऱ्यांना उतारवयात गावाहून येथे आणतात. घर नवे, शेजार नवा. अशा वेळी आजोबा वाट चुकले तर ‘जागा बदलली’ किंवा ‘वयच झाले’ असे म्हणून गोष्ट सोडून दिली जाते. त्यांपैकी काहींत थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य, झोपेच्या गोळ्या किंवा पडल्यानंतर मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त हे कारण असू शकते. हे सारे उपचारसाध्य आहे. ते ओळखण्याआधीच केशर सुरू झाले, तर नुकसान केशराने नव्हे, विलंबाने होईल.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश आहे. लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये १४ जोखीमकारक घटक मांडले. ते पूर्णपणे दूर करता आले, तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबणीवर टाकता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, श्रवणदोष, दृष्टिदोष आणि एकाकीपणा हे त्यांतील घटक आपल्या रोजच्या आवाक्यातले आहेत.

चाचणीची भाषाही महत्त्वाची आहे. वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या निरक्षर आजीला तारीख विचारून तिच्या बुद्धीचा निवाडा करणे अन्यायाचे होईल. हरियाणातील बल्लभगढ येथे निरक्षरांसाठी हिंदी चाचणी १९९५ मध्येच तयार झाली. त्या धर्तीवर येथील बोलींतही प्रयत्न व्हावा.

आणि घरच्यांचे काय? गोव्यात ८१ कुटुंबांवर झालेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. स्थानिक प्रशिक्षित सल्लागार घरी जाऊन मार्गदर्शन करू लागले, तेव्हा काळजीवाहकांचा मानसिक ताण लक्षणीयरीत्या घटला. त्यासाठी महागड्या यंत्राची गरज पडली नाही.

म्हणून माझी विनंती आहे की, आपल्या संघटनेने महिन्यातून एक दिवस स्मृती-तपासणीसाठी ठेवावा आणि काही परिचारिकांना गृहभेटींचे प्रशिक्षण द्यावे. केशराबद्दल विचारणाऱ्या मुलाला परत पाठवू नये. त्या प्रश्नामागे घरातील कोणीतरी हरवत चालल्याची भीती असते. ‘केशराचे नंतर पाहू, आधी आईंना घेऊन या’ हे उत्तर त्याला आपल्याकडून मिळाले पाहिजे.