गळ घालण्याआधी

ज्याने जेवणच सोडलंय, त्याला ताटात काय वाढायचं? सॅल्मनच्या फ्लाय फिशिंगचा सगळा फंडा या एका प्रश्नात आहे, बॉस!

आधी एक खुलासा. आपल्याकडे मेनूकार्डवर रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण दोघांचं काहीही नातं नाही. अस्सल अटलांटिक सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात पार ग्रीनलंडपर्यंत भटकतो आणि अंडी घालायच्या वेळी पुन्हा आपल्याच नदीत परततो. नदीत शिरला की कडकडीत उपास! मग पिसांच्या खोट्या माशीवर तो झडप का घालतो? राग? जुनी सवय? कुतूहल? कामानिमित्त स्कॉटलंडमध्ये होतो तेव्हा मी या नादाला लागलो. तिथे नदीवरच्या वाटाड्याला 'गिली' म्हणतात आणि दर गिलीमागे एक नवी थिअरी ऐकायला मिळते.

फ्लायची डबी उघडली की साडीच्या दुकानात शिरल्यासारखं होतं. विली गन, कॅस्केड, अ‍ॅलीज श्रिम्प, स्टोट्स टेल... काय घेऊ नि काय नको! गंमत म्हणजे या फ्लायवर 'जंगल कॉक' म्हणून जे ठिपकेदार पीस मिरवतं, ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. एकेकाळी ही पिसं भारतातूनच जायची. आता हा पक्षी आपल्याकडे 1972च्या कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे तिकडे पाळलेल्या पक्ष्यांची किंवा नकली पिसं वापरतात.

निवडीचा नियम सोपा आहे. आधी पाणी बघा, मग डबी. वसंतात पाणी थंडगार आणि भरपूर, तेव्हा मोठी, जड ट्यूब फ्लाय आणि बुडणारी दोरी. उन्हाळ्यात पाणी उतरून नितळ झालं की 10 किंवा 12 नंबरची बारीक फ्लाय आणि तरंगणारी दोरी. लक्षात ठेवा, इथे नंबर वाढला की गळ लहान होतो! पावसानंतर नदी कोऱ्या चहासारखी दिसते, तेव्हा नारिंगी-पिवळी कॅस्केड. स्वच्छ पाण्यात सडपातळ, काळी स्टोट्स टेल. झालं!

पण मंडळी, लोक रंगावर तासभर वाद घालतात आणि गळ मात्र दुकानदार देईल तो घेतात. मला हे अजिबात पटत नाही. 2023 मध्ये स्कॉटलंडमध्ये गळाला लागलेल्या सॅल्मनची संख्या 1952 पासूनच्या नोंदींमध्ये सगळ्यात कमी होती. त्याच वर्षी ब्रिटनमधला अटलांटिक सॅल्मन 'धोक्यात' असल्याचं आययूसीएनने जाहीर केलं. तिथे आता पकडलेले बहुतेक सगळे सॅल्मन परत सोडतात. 1 एप्रिलच्या आधी मिळालेला तर कायद्यानेच सोडावा लागतो. म्हणजे मासा कसा लागतो, यापेक्षा कसा सुटतो याला महत्त्व आलं.

तीन टोकांचा गळ तोंडात एकदा रुतला की काढताना वेळ जातो, जखम वाढते आणि मासा दमतो. त्यापेक्षा एकेरी किंवा छोटा दुहेरी गळ घ्या आणि टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. असा गळ अलगद निघतो, माशाला पाण्याबाहेर काढावंही लागत नाही. 'पण मग मासा निसटला तर?' दोरी ताणलेली ठेवलीत तर सहसा निसटत नाही. आणि निसटलाच तर काय बिघडलं? तसाही सोडायचाच होता ना! एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. ती सुखरूप वर पोचणं, हा आपल्या फोटोपेक्षा मोठा स्कोअर आहे.

फ्लाय आपल्या हौसेसाठी निवडा, गळ माशासाठी.

स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅल्मन पकडायला बंदी आहे. म्हणजे माशालासुद्धा वीकली ऑफ! उरलेले सहा दिवस मात्र त्याचं नशीब तुमच्या गळाच्या टोकावर असतं.