दूध, पाळी आणि ॲसिडिटीची गोळी

बाळ अंगावर पीत असेल तोवर पाळी लांबते, हे आपल्याकडच्या जुन्या बायकांना कुठल्याही लॅबशिवाय ठाऊक होते. यामागे असते ते प्रोलॅक्टिन. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. बाळ पिऊ लागले की ती हे संप्रेरक सोडते. दूध तयार होते आणि पुढचे गरोदरपण काही काळ लांबणीवर पडते. बाळंतिणीसाठी ही सोयच. पण पाजायला बाळ नसतानाही प्रोलॅक्टिन वाढले, तर शरीर बाळंतिणीसारखेच वागू लागते.

पाळीचे चक्र सुरू होते ते मेंदूत. तिथून जीएनआरएच हे संप्रेरक ठरावीक ठेक्याने स्रवते आणि त्या ठेक्यावर पीयूषिका एलएच व एफएसएच ही अंडाशयाला हुकूम देणारी संप्रेरके सोडते. प्रोलॅक्टिन वाढले की हा ठेका राखणाऱ्या, किसपेप्टिन बनवणाऱ्या चेतापेशी मंदावतात आणि ठेकाच चुकतो. बीजांड सुटत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही; पुढे इस्ट्रोजेनही उतरते. पाळी लांबते किंवा थांबते, दिवस राहत नाहीत, योनिमार्ग कोरडा पडतो आणि दुर्लक्ष वर्षानुवर्षे चालले तर हाडे विरळ होतात. अंडाशय बहुधा धडधाकट असते. त्याला वरून हुकूमच येत नाही. घरात मात्र बोल लागतो तो तिच्या कुशीला.

प्रोलॅक्टिनला एरवी मेंदूतले डोपामिन हे रसायन दाबून धरते. मळमळ, ॲसिडिटी, गॅस यांसाठीच्या अनेक कॅप्सूलमध्ये आम्लरोधकाबरोबर डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असते, आणि ही औषधे नेमका डोपामिनचाच मार्ग अडवतात. आपल्याकडे अशा कॅप्सूल चिठ्ठीशिवायही सर्रास घेतल्या जातात. 'रोज सकाळी उपाशीपोटी एक' हे कित्येक घरांत चहाइतके नेमाचे झाले आहे. पाळीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला ही कॅप्सूल आठवतही नाही, कारण ती तिच्या लेखी औषधच नसते. म्हणून डॉक्टरांनी खोदून विचारले पाहिजे. मनोविकारांवरच्या रिस्पेरिडोनसारख्या औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढते. ती मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत.

थायरॉइडची कमतरता हे आणखी एक कारण. उरते पीयूषिकेतली गाठ, जी बहुतेक वेळा 10 मिलिमीटरहून लहान आणि कर्करोगाची नसलेली असते. डोकेदुखीबरोबर बाजूचे दिसेनासे झाले तर मात्र थांबू नये.

रक्तातले प्रोलॅक्टिनचे प्रमाण मिलिलिटरमागे साधारण 25 नॅनोग्रॅमपर्यंत चालते. सुईच्या धास्तीनेही ते थोडे चढते, म्हणून किंचित वाढीवर एमआरआयकडे धावण्याआधी तपासणी शांतपणे पुन्हा करावी. गाठ असली तरी बहुतेकींना कॅबरगोलिनच्या आठवड्यातून एक-दोन वेळच्या गोळ्या पुरतात. शस्त्रक्रिया क्वचितच लागते. या उपचारात एक गोष्ट सांगायची राहून जाते. बीजांड पाळीच्या आधी सुटते. त्यामुळे गोळ्या सुरू झाल्यावर पहिली पाळी येण्याआधीही दिवस राहू शकतात. पाजत्या आईचेही तसेच आहे.