पाळणा कमी हलला म्हणून घाबरायचे?



आपल्या सभा-समारंभांतून अलीकडे एक वाक्य वरचेवर कानी पडते : "आपली संख्या घटत चालली आहे, आपल्या लेकी-सुनांनी एकदोनावर थांबू नये." त्यावर टाळ्याही पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत पुरुषच जास्त असतात, हेही सांगून ठेवतो. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण आकड्यांचा विषय नुसत्या भाषणावर सोडू नये. वही उघडून बघू या.

२०११ च्या जनगणनेत देशात बौद्धांची संख्या सुमारे ८४ लाख होती. त्यांपैकी ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली, बौद्धांची फक्त ६.१ टक्क्यांनी. पुढे २०१९-२१ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतात, याचा आकडा देशासाठी २.० निघाला, महाराष्ट्रासाठी १.७, आणि बौद्ध स्त्रियांसाठी १.३९. नोंद झालेल्या प्रमुख धर्मसमाजांत आपला आकडा सर्वांत कमी.

हा आकडा २.१ च्या आसपास असला तर समाज आहे तेवढाच राहतो. आई आणि बाप अशी दोन माणसे जातात, त्यांच्या जागी दोन यावी लागतात. मुली मुलांपेक्षा थोड्या कमी जन्मतात आणि काही लेकरे मोठी होण्याआधीच जातात, म्हणून वरचा तो एक दशांश. यातले गणित पतपेढीतल्या चक्रवाढ व्याजासारखे आहे. आकडा २.१ च्या वर असेल तर दर पिढीला मुद्दल फुगते, खाली असेल तर दर पिढीला मुद्दलच कमी होते. १.३९ या दराने १०० आयांच्या पोटी सुमारे ६६ मुली मोठ्या होतात, त्या ६६ जणींच्या ४४, आणि त्या ४४ जणींच्या २९. म्हणजे आजीपासून पणतीपर्यंत पोहोचताना शंभराच्या तीस होतात, आणि याला फार तर ऐंशी वर्षे लागतात.

पण हे आज डोळ्यांना दिसत नाही. देशाचेच पाहा. १९५१ साली आपण ३६ कोटी होतो, २०११ साली १२१ कोटी झालो. आता दर २.१ च्या खाली आला, तरी लोकसंख्या वाढतेच आहे. कारण मागच्या पिढीत जन्मलेली भरपूर मुले आज आई-बाप होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकाला दोनच मुले झाली, तरी आई-बापच इतके की पाळणे पुष्कळ हलतात. संयुक्त राष्ट्रसंघाचा २०२४ चा अंदाज असा, की भारताची लोकसंख्या २०६० नंतरच्या काही वर्षांत १७० कोटींच्या घरात जाऊन मग उतरू लागेल. दर आज बदलला तरी फळ नातवंडांच्या काळात दिसते. चीनने १९८० च्या सुमारास एका मुलाची सक्ती केली. तिथली लोकसंख्या प्रत्यक्ष घटू लागली ती २०२२ साली. सक्ती त्याआधीच, २०१५ च्या अखेरीस, उठवण्याचे ठरले होते. तरी पाळणे काही पुन्हा तसे हलले नाहीत.

मग वक्ते म्हणतात ते खरेच की, असे कोणी म्हणेल. घट खरी आहे, उपाय खोटा आहे. आपला दर उतरला कशामुळे? आपल्या मुली शिकल्या म्हणून. २०११ साली बौद्ध स्त्रियांची साक्षरता ७४ टक्के होती, देशातल्या स्त्रियांची ६५. शिवाय झालेली मुले जगू लागली. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांतली १२९ वर्षाच्या आत दगावत होती, २०२३ साली हा आकडा २५ वर आला. "दोन तरी राहतील" म्हणून सहा बाळंतपणे काढण्याची पाळी आता कोणावर येत नाही. परमपूज्य बाबासाहेब रामजीबाबांचे चौदावे अपत्य. खुद्द बाबासाहेब आणि माता रमाई यांची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुले लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव वाढले. हे दुःख ज्या घराने सोसले, त्या घराच्या नावाने सुनांना जास्त मुले जन्माला घालायला सांगावे?

संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १० नोव्हेंबर १९३८ रोजी आला. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण पी. जे. रोहम यांनी वाचले. वारंवारच्या बाळंतपणाने बाईची प्रकृती ढासळते आणि गरिबाचे घर बुडते, हा त्याचा गाभा. ठराव फेटाळला गेला. तरीही १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात संततिनियमनाचा पुरस्कार होताच. त्यांनी ही गोष्ट कोणावर लादण्यासाठी मांडली नव्हती. पुढे आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली, तेव्हा पहिला हात गरीब वस्त्यांवर पडला, हे जुन्या माणसांना आठवत असेल. म्हणून सरकारने "थांबा" म्हणून दटावणे आणि समाजाने "थांबू नका" म्हणून दटावणे, मला दोन्ही सारखेच वाटते. दोन्ही वेळा ऐकून घ्यायचे बाईने. पाहणीत देशातल्या दर १०० विवाहित स्त्रियांमागे ३८ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली, नवऱ्याची झालेली मात्र एकीच्याही वाट्याला पुरती येत नाही!

संख्येची काळजी असेल त्याने आधी जनगणनेकडे पाहावे. ६.१ टक्क्यांचा आकडा नुसत्या जन्मांचा नाही, धर्माच्या रकान्यात काय लिहिले गेले त्याचाही आहे. सवलत जाईल या भीतीने कित्येक घरांत "हिंदू" सांगितले जाते. ही भीती निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले आहे. २०२७ च्या जनगणनेत जातही विचारायचे केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केले. तेव्हा धर्म बौद्ध आणि जात जी असेल ती, दोन्ही सांगता येते. गणक दारात येईल तेव्हा घरातल्या कर्त्या माणसाने, नसेल तर शिकलेल्या मुलीने, समोर उभे राहून लिहून घ्यावे.

मला खरी चिंता वाटते ती म्हाताऱ्यांची. एकुलता एक मुलगा, एकुलती एक सून, आणि त्यांच्या डोक्यावर चार म्हातारी माणसे. पूर्वी चार भावांत वाटला जाणारा दवाखान्याचा खर्च आता एकाच पगारावर. त्यात आपली माणसे गोदीत, गिरणीत, बांधकामावर, धुण्याभांड्यांवर राबलेली. भविष्य निर्वाह निधीचे खाते असेल त्याचे नशीब, आणि त्यातही किमान पेन्शन २०१४ साली ठरली ती महिना १,००० रुपये. मुलगी परक्याचे धन ही भाषा आता सोडावी लागेल. २००७ च्या कायद्याने आई-बापांच्या पोषणाची जबाबदारी मुलावर आहे तशी मुलीवरही आहे. जबाबदारी तिच्यावर, तर घराच्या कागदावर नावही तिचे हवे.

विहारांच्या समित्यांना एक विनंती. येत्या वर्षावासापूर्वी आपल्या वस्तीतल्या साठी उलटलेल्या माणसांची यादी करावी. घरात सोबत कोण, औषध कोणते चालू, पेन्शन किंवा निराधार योजनेचा अर्ज केला आहे का, एवढे चार रकाने पुरेत. ग्रंथवाचनाला जमलेल्यांतून दोन तरुण मुले आणि दोन मुली घेतल्या, तर एका रविवारात काम होते. अर्ज भरून द्यायला मी येईन.